गाभ्याला स्थळ

अग्रणीच्या काठच्या आठ शिंद्या
मंगळवारी आडव्या झाल्या. पुलासाठी.
जेसीबीवाल्याचा चहासुद्धा निवला नव्हता.

निलव्वा फडे बांधते.
वर्षभराचे फडे एका दुपारी लोळत पडलेले बघून
माणूस खूश होतो की काय होतो,
तिच्या तोंडावरून कळलं नाही.
झावळ्या तिने नेल्याच.
वर कोयत्याने एक शेंडा सोलत बसली,
सोलत गेली, सोलत गेली,
काटेरी, करडा, हिरवा, पोपटी,
मग लग्नपत्रिकेवरच्या कागदासारखा पातळ,
आणि शेवटी मनगटाएवढं काहीतरी पांढरं निघालं.
ओच्यात घालून माझ्या खानावळीत आणून ठेवलं.
"बग, कशासंगं जमतंय का."

बावीस वर्षं मी कवठ्याच्या स्टँडमागे वाढते आहे.
वांग्याला कारळं, शेपूला मूगडाळ,
अंबाडीला ज्वारीच्या कण्या:
ही लग्नं माझ्या जन्माआधीच ठरलेली,
मी फक्त अक्षता टाकते.
ह्याला मात्र ना गोत्र ना मामा.

कच्चंच चाखलं.
आधी काहीच नाही.
मग ओल्या शेंगेचा दाणा, मग शहाळ्याची साय,
आणि सगळं गिळून झाल्यावर
जिभेच्या कडेला एक तुरट रेघ,
कुणीतरी जाताना दार नुसतं लोटून घ्यावं तशी.

हळद घातली.
हळद आमच्या जिल्ह्याची, तिला कोण नाही म्हणणार?
पण ती आत आली की घर तिच्या नावावर होतं.
पिवळं झालं आणि संपलं.
कांदा-लसूण चटणीने त्याला भर बाजारात गाठलं,
ते दृश्य सांगत नाही.
गुळाशी गोड बोललं, तेवढंच.
चिंचेत काळवंडलं.
तासगावचा बेदाणा टाकून बघितला.
दोन परके पाहुणे एका सतरंजीवर बसावेत
तसे बसले दोघं. भांडले नाहीत.

मग लिंबू.
चार थेंब, आणि ते तोंड धुऊन आल्यासारखं दिसायला लागलं.
मग शेंगदाणे भाजून, बोटांनीच भरडून.
कोथिंबिरीची पानं नको, देठं.
एक हिरवी मिरची, बिया काढून.
वरून करडईचं कच्चं तेल, घाण्यावरचं,
ज्याला वास असतो ते.
तिथं ते पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोललं,
हळू, पण टेबलापलीकडे ऐकू जाईल इतकं.

तहसीलमधले हिंगमिरे डब्याची वाट बघत होते.
चमचाभर दिलं.
"कोबी आहे का?"
नाही म्हटलं.
दुसरा चमचा त्यांनी स्वतःच घेतला.
"उद्यापण करा, पाच ताटं सांगतो."

उद्या.
शिंदीला हे एकच असतं.
काढलं की वर काही फुटायचं राहत नाही,
आणि उरलेले सात शेंडे
तोवर ट्रॉलीतून भरावात गेले होते.
हे सगळं हिंगमिऱ्यांना कसं सांगायचं?
मी म्हणाले, उद्या घेवडा आहे.

संध्याकाळी निलव्वा आली, हातात नवा फडा.
पैसे घेईना, म्हणून ताट वाढलं.
भाकरीवर घेऊन खाल्लं तिने, न बोलता.
बेदाणे निवडून नातवाच्या मुठीत दिले.
मग ताट तिरकं केलं,
तळाशी साचलेलं पाणी मला दाखवलं.
"मीठ आदी घातलंस न्हवं?
ह्याला मीठ शेवटाला. न्हाईतर रडतंय."
आणि ते पाणी पिऊन टाकलं,
लिंबाचं, मिठाचं, त्या झाडाचं.

रात्री खानावळ धुतली. फडा नवा, पाती अजून हिरवट,
पहिल्या दिवशी त्याला हळद-कुंकू लावायचं असतं.
सकाळी हरलेली हळद डब्यातून चिमूटभर काढली,
दांड्याला बोट टेकवलं.
तिथं ती नीट बसली.

बेदाण्याचं अजून माझं ठरलेलं नाही.