टोरीहून, विचारलंत म्हणून

पेट्रोल इथे टोरीतच भरा, कुंदावहिनी.
पुढे मैलोन्मैल नुसता लाल कातळ,
आणि फोन म्हणजे फक्त घड्याळ.

पाणी सांगतात त्याच्या दुप्पट घ्या.
टोपीला नाडी हवी. माझी एक
ब्राइसच्या दरीत अजून भटकत असेल.

शिक्क्यांची वही पिशवीच्या तळाशी नको.
रेंजरबाई वेळेवर दार लावते,
मग आपण काचेवर टकटक करत
उशिरा आलेल्या पोरीसारख्या.
त्रेसष्टांपैकी एकोणचाळीस झाली माझी
अशीच धावत, फरपटत.

फ्रुटाच्या बागेत जर्दाळू पिकलेत.
झाडाखाली उभं राहून खाल तेवढे फुकट,
न्यायचे असतील तर वजन करून पैसे.
नियम वाचला आणि मी तिथेच थांबले.
एक खाल्लं, मग चार,
मग मोजणं सुटलं.

शिक्का राहिला, अर्थात.
चाळिसाव्या पानावर तारखेच्या जागी
अंगठ्याचा पिवळट डाग आहे,
मोटेलच्या दिव्याखाली अजून ओला.
उद्या परत जाऊन शिक्का मारता येईल.
बघते.

आणि हो, गुडघ्यांचं विचारलंत:
उतरताना दुखतात.
चढताना कोण लक्ष देतंय!