पेन्सिलीचा रकाना

घणसोलीत रात्री अकरानंतर वास सोडतात.
कुठला कारखाना, कोणी सांगत नाही.
मी खिडकी लावते. हे वही उघडतात.

दोनशे पानी, लांबोडकी, वाण्याच्या उधारीची असते तशी.
पट्टीने आखलेले पाच रकाने:
नाव. जहाज. कुठल्या खोलीत. किती वर्षं. आता काय.
पहिले चार शाईने. शेवटचा पेन्सिलीने,
कारण तो बदलतो.

थंकप्पन, बॉयलर रूम, अकरा वर्षं, जिना चढवत नाही.
इस्माईल सोलकर, तीच खोली, रात्री बसून झोपतो.
जालंधरचा बलबीर फोनवर आधी हसला,
मग खोकला, मग सुनेने फोन घेतला.

जहाज कधीच भंगारात गेलं.
त्याच्या सळया कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असतील, म्हणतात हे,
आपल्याच सोसायटीच्या नसतील कशावरून.

वाफेच्या पाइपांना पांढरं काहीतरी लिंपायचे.
पाणी घालून मळायचे, भाकरीच्या पिठासारखं,
थापायचे उघड्या हातांनी.
जहाज दुरुस्तीला लागलं की तेच खरवडायचं,
आणि खोलीभर भुरभुर.
विशीतली पोरं. गोळे करून एकमेकांना मारायची.
एकाचा फोटो आहे, मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या,
मागे लिहिलंय, "म्हातारपणी असा दिसेन."
तो वहीत सातवा. शेवटचा रकाना शाईने.

शाईने लिहायचं असलं की हे आधी चष्मा पुसतात.
मी तेव्हा काही विचारत नाही. चहा ठेवते.

सरकारी उत्तर एकच आलं:
आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे.
संबंध काय, हेच तर विचारलं होतं.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर, कोवळा.
"राहता कुठे?"
"घणसोली."
"मग काय," म्हणाला, "तिथे सगळेच खोकतात."
आणि कागदावर तेवढंच लिहिलं.
रबाळ्याच्या सिग्नलपर्यंत हे रिक्षात गप्प.
मग म्हणाले, "त्याने जहाज लिहिलंच नाही."

गेल्या महिन्यात माझ्याही छातीचा फोटो काढला.
सहज. कार्डावर फुकट होतं म्हणून.
त्याच पोराने तो उजेडात धरला, दोनदा.
"तुम्ही कुठे कामाला होता का?"
छे, म्हटलं, मी घरीच.

घरीच. क्वार्टरचा तिसरा मजला, बाल्कनी.
शनिवारी हे सूट आणायचे, निळा, खांद्यांवर पांढरा.
भिजत घालायच्या आधी मी झटकायचे, कठड्याबाहेर,
वारा समुद्राकडून, सगळं परत तोंडावर.
उन्हात चमचमायचं.
मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.
धाकटी तेव्हा पायाशी रांगायची.
हे मी अजून कुणाला बोलले नाही.

एकेचाळीस वर्षांत यांनी मला नावाने हाक मारली नाही.
अगं, नाहीतर ऐकलंस का.
काल सकाळी वही टेबलावर उघडी.
अठ्ठ्याहत्तरावी ओळ:
शशिकला मयेकर.
जहाजापुढे रेघ मारलेली, ती खोडलेली, मग तेच जहाज.
खोली: बाल्कनी.
वर्षं: नऊ.
शेवटचा रकाना कोरा,
आणि पानावर पेन्सिल, नुकतंच टोक केलेली.

हे खाली दूध आणायला गेले होते.
मी यांचं पेन उचललं
आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं.
मग पट्टी घेतली,
माझ्या खाली अजून एक ओळ आखली.
नाव घातलं नाही.
नुसती आखून ठेवली.