दार किंचित उचलून

फुलेवाडी नाक्यावर उसाची दुसरी ट्रॉली
पहिलीच्या मागनं वळली, पण तिच्यासारखी नाही.
माझी व्हॅन कडेला उभीच होती. रिकामी.
पोरं साडेबाराला सुटतात, तेव्हा बारा वाजलेले.
हे देवाला तीनदा सांगून झालोय,
आता तुम्हाला सांगतोय.

डावी बाजू आत गेली. काचा राहिल्या.
चार कांड्या बॉनेटवर येऊन पडल्या,
ट्रॅक्टरवाला त्या आधी गोळा करायला लागला.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा फोन, पुण्याहून.
"मॅडमशी बोलू शकते का?"
मी म्हटलं, मीच बोलतो.
पलीकडं जरा वेळ नुसते कागद हलले.
आमच्याकडं बायका असंच बोलतात, बाई.
येतो, जातो, करतो.
गाडी पण मीच चालवतो.

मग ती गोड झाली. शिरोलीत, हायवेला लागून,
आपलं मोठं वर्कशॉप आहे, एसी, कॉफी,
तुमचा रुपया जाणार नाही, दार नवंच बसेल.
"आणि मला तिथं न्यायची नसली तर?"
"मग क्लेमचं आम्ही काही सांगू शकत नाही."

सांगू शकत नाही म्हणजे?
रात्री भांडी झाल्यावर पॉलिसी काढली,
रेशनकार्डाच्या खालची, घडीवर फाटत आलेली.
अक्षर मुंगीएवढं. सासूचा चष्मा लावला.
अकरावं पान, खालनं तिसरी ओळ:
वाहनधारकाच्या पसंतीच्या ठिकाणी दुरुस्ती,
सर्व्हेअरच्या पाहणीनंतर.
दोनदा वाचली. तिसऱ्यांदा मोठ्यानं.
नवरा म्हणाला, इलेक्शनला उभारतीस काय?

उद्यमनगरात रसूल शिकलगारचं शेड.
त्याचा पणजा तलवारींना धार लावायचा म्हणतात,
हा पत्र्याची समजूत काढतो.
माझं दार त्याला ठाऊक आहे,
किंचित उचलायचं, मग सरकवायचं, नाहीतर अडतं.
दाराखालची पायरी पण त्याचीच.
बालवाडीतल्या शरयूचा पाय पोचत नव्हता,
तर जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंग करून दिली.
पैसे विचारले तर म्हणाला, पट्टी भंगारातली हाय.
नव्या दाराला पायरी नसते.
कंपनीच्या एस्टिमेटमध्ये तिचा रकानाच नाही.

सर्व्हेअर कुंभोजकर स्कूटरवरनं आले,
हेल्मेट न काढताच म्हणाले, "इथं?"
मी अकरावं पान पुढं केलं,
खुणेला केएमटीचं तिकीट घातलेलं.
त्यांनी वाचलं नाही. पाठ असणार.
चारी बाजूंनी फोटो काढले,
आणि निघताना पायरीवर एक पाय देऊन बघितला.
वजन पेललं.
वहीत काही लिहिलं नाही.

पैसे आधी माझे गेले. चौदा हजार सहाशे, भिशीतले.
अकरा दिवस पोरं दिराच्या रिक्षातनं, दाटीवाटीनं,
दोन आयांनी तेवढ्यात दुसरी गाडी लावली.
कंपनीनं दोन महिन्यांनी नऊ हजार शंभर दिले,
बाकीची झीज म्हणून कापली.
झीज! गाडीची म्हणे.
हक्क फुकट असतो असं कुणी म्हटलं नव्हतं,
पण केवढ्याला पडतो, तेही त्या अकरा पानांत नव्हतं.

शेवटच्या दिवशी रसूल आतनं ठोकत होता,
बाहेरनं डाव्या हाताचा तळवा लावून.
ठोका कमी, हात फिरवणं जास्त.
पत्रा टक्कन बोलला आणि जागेवर आला.
मग हातोडा ठेवून त्यानं दाराच्या आतल्या बाजूला
बोट टेकवलं. डब्याच्या कोपऱ्याएवढा पोचा.
ट्रॉलीचा नव्हे. सहा वर्षांचा,
पोरं उतरताना डबे आपटतात तिथला.

"ह्यो काढू, का ऱ्हाऊ दे?"

शिरोलीच्या एसीत हे कुणी विचारलं असतं का,
ठाऊक नाही. मी गेलोच नाही.
"ऱ्हाऊ दे," म्हटलं.
आणि दार लावून बघितलं.
अजून किंचित उचलावंच लागतं.