हरकत क्रमांक अठ्ठेचाळीस

यॉर्कशरमध्ये, एल्डरविकच्या गावकुसाला लागून
उपाशी शेत आहे. नाव जुनंच,
तिथे कधी धड काही पिकलं नाही,
मेंढ्या तेवढ्या चरल्या.
तिथे चौसष्ट घरं प्रस्तावित.
फाटकाला पिवळा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत,
आत पाणी शिरून शाई फुटलेली.
हरकती एकवीस दिवसांत.

मी पॅरिशची कारकून. आठवड्याला नऊ तास.
आलेली पत्रं दोन गठ्ठ्यांत लावायची:
ग्राह्य, अग्राह्य.
नियम स्पष्ट आहेत.
वाहतूक ग्राह्य. सांडपाणी ग्राह्य.
वटवाघळं ग्राह्य, मोजलेली असतील तर.
घरांच्या किमती अग्राह्य.
दृश्य अग्राह्य.
खिडकीतून दिसतं त्यावर कुणाचा सातबारा नसतो.

विल्फ ऑल्डरसननं दोन पानं लिहिलीत, पेन्सिलीनं,
की त्याची बायको शेवटचे अकरा महिने
त्या शेताकडे तोंड करून निजली,
आणि टिटव्या परत आल्या त्या सकाळी
तिनं आपणहून दूध मागितलं.
मी तीनदा वाचलं.
यात सांडपाणी कुठेच नाही.
विल्फ, म्हटलं, एखादं वटवाघूळ तरी घाल.
म्हणाला, पाहिलं नाही ते कसं लिहू?

हेस्टर मेटकाफ पक्की आहे.
रात्री गमबूट चढवून डबक्यात बॅटरी मारते,
तुरेवाला पाणसरडा दिसावा म्हणून.
एक सापडला की काम वर्षभर लांबतं म्हणे.
चर्च, शाळा, दोन खानावळी,
साऱ्या गावाची भिस्त आता
वीतभरही नसलेल्या जनावरावर.

सभेला बिल्डरचा माणूस आला. मवाळ, नवे बूट.
नकाशाच्या कडा उडू नयेत म्हणून
त्यावर आमच्याच बिस्किटांच्या बशा ठेवल्या.
रस्त्यांची नावं ठरलीत, म्हणाला:
टिटवी मार्ग, मेंढवाडा.
मागे कुणीतरी हसलं.
ते हसणं चांगलं नव्हतं.

क्लिफर्ड थ्वेट, शेत त्याचं,
दाराशीच उभा राहिला, टोपी हातात.
निम्म्या गावानं त्याच्याशी बोलणं टाकलंय.
त्याचे दोन्ही गुडघे गेले,
मेंढ्यांमागे धावायला घरात कुणी उरलं नाही,
हे इतिवृत्तात येत नाही.
मीच लिहिते इतिवृत्त.

आणि माझी थिया.
चाळीस मैलांवर, ओल चढलेल्या खोलीत, पोर कडेवर.
फोनवर विचारते,
आई, त्यातली काही स्वस्त असणारेत का गं?
बारा, मी म्हणते.
मग तिच्याकडची किटली शिट्टी मारेपर्यंत
दोघी गप्प.

काल रात्री माझंही पत्र लिहायला बसले.
उतारावरचं धुकं लिहिलं.
चुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड तोलून
पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिलेला बांध लिहिला.
खोडलं.
विल्फची बायको लिहिली. ती तर माझी नव्हेच. खोडली.
शेवटी एवढंच उरलं:
चढावरचा रस्ता अरुंद आहे.
दोन वाहनं समोरासमोर आली
तर एकाला मागे जावं लागतं.

ग्राह्य.

क्रमांक घातला, अठ्ठेचाळीस.
सही अजून केलेली नाही.
उद्या एकविसावा दिवस.