तळमावल्याची टाकी

दूध संकलन केंद्र बंद पडून तीन पावसाळे झाले.
टाकी भंगारात जाणार होती, किलोवर.
अब्बांनी ती टेम्पोत घालून ढेबेवाडीला आणली,
मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर चढवली
सहा माणसं, दोन बांबू
आणि शेवाळेबाईंच्या शिव्यांच्या जोरावर.

हजार लिटर. स्टीलचे दोन पत्रे,
मधे चार बोटं पिवळा फोम.
"ही तर थंड ठेवायची टाकी," बाई म्हणाल्या,
"हिच्यात गरम पाणी कसं टिकेल?"
"भिंतीला काय कळतंय बाई, आत काय हाय?
ती निस्ती आडवी येती."

झाकणातून आत जायला अंग बारीक लागतं,
म्हणून मी उतरले.
पाना, बॅटरी, रबरी वायसर ओढणीच्या गाठीत.
आत आवाज गोल होतो.
आणि तीन पावसाळे उलटले तरी
तळाच्या वेल्डिंगच्या शिवणीत
आंबूस दूध.

त्यात आमच्या म्हशीचंही असेल.
वहीत असायचं: मुलाणी हुसेनबी, सकाळ,
पाच लिटर, फॅट सहा पूर्णांक आठ.
अम्मी तो आकडा घरी येऊन दोनदा सांगायची,
भाव एकदाही नाही.

बाहेरून अब्बांची टकटक.
एक म्हणजे धर. दोन म्हणजे आवळ.
तीनचं काही ठरलं नव्हतं.

गार पाणी तळाशी सोडायचं,
एल्बोचं तोंड खाली वळवून, सावकाश,
झोपलेल्या पोराखाली गोधडी सरकवावी तसं.
घुसळलं की सगळंच कोमट.
गरम आपसूक वर जातं, वरच राहतं.
घ्यायचं ते वरून,
सायीसारखं.

पंप नाही. खाली उन्हाची पॅनेलं, वर टाकी,
पाइपाला सलग चढ असला की पाणी स्वतः चढतं.
मधे कुठे उंटाची पाठ नको, हवा अडून बसते.
आणि दाब सोसायची हिला सवय नाही,
दुधाला कुठला दाब.
म्हणून माथ्यावर एक उघडा पाइप, वाकवलेला.
"श्वासाला जागा ठिव," अब्बा झाकणातून म्हणाले,
"न्हाईतर फुगंल, फाटंल,
आन् आधी सांगणार बी न्हाई."

शेवटचा नट आवळला
आणि पत्र्यावर तीन टकटक.
मी घाबरून वर आले.
चहा आला होता.

पहिल्या दिवशी पाणी हललंच नाही.
दुसऱ्या दिवशी क्लॅम्पमागे सापडलं,
पाइप दोन बोटं झोळ पडलेला.
तो अब्बांनी बसवला होता.
मी उचलून बांधला, बोलले नाही.

तिसरी पहाट. वांग नदीवरून धुकं गच्चीपर्यंत.
खाली मुली बादल्या घेऊन, दात वाजवत.
शेवाळेबाईंनी टाकीला हात लावला.
"अगं बाई, ही तर गार!"

अब्बांनी दोन्ही तळवे टेकले,
मग गालही.
"गार हाय," म्हणाले. "म्हंजे ऱ्हायली."

खाली कुणीतरी नळ सोडला,
पोळल्याची एक हाक, मग हसू.
मी सांध्यांवरून बोट फिरवत होते.
एक अजून गळतोय, मिनिटाला एक थेंब.
माझ्या हातचा.
अब्बांना दिसलाय.
बोलले नाहीत.

थेंब कढत होता.