माप

आमच्या किनाऱ्यावर अवाबीच्या शिंपल्याला माप असतं.
पितळेची पट्टी, कमरेच्या दोरीला बांधलेली.
पट्टीहून लहान निघाला तर त्याला
पाठ वर करून त्याच खडकावर ठेवायचं
आणि म्हणायचं, वाढ बाबा, पुढच्या वर्षी भेटू.
पंधराव्या वर्षी हे मला तोमिएनं शिकवलं.
बावन्न वर्षं मी लहानाला सोडत आले.

पाणी गढूळ असलं की मी डोळे मिटते.
बोटांना दिसतं.
कपारीत हात घातला की कळतं,
हा दगड, हा दगडाचं सोंग घेतलेला जीव.
गावात म्हणतात, सावाएच्या बोटांपासून काही लपत नाही.

वर आलं की झोपडीतली शेकोटी.
ओले कपडे वाशांवर, आणि आम्ही सातजणी
जशा जन्मलो तशा, फक्त सुरकुत्यांसकट.
भाजलेलं रताळं हातोहात फिरतं,
त्याबरोबर कुणाचा नवरा, कुणाची सून, कुणाचं बद्धकोष्ठ.
तिथे झाकलेलं काहीच नसतं.
म्हणून तर मला दिसलं:
तोमिएनं केस पिळायला हात वर केले
आणि डाव्या बाजूची कातडी आत ओढली गेली,
खेकडा वाळूत शिरल्यावर मागे राहते तशी खळी.

मी पाहिलं, हे तिनं पाहिलं.
साल काढत म्हणाली, यंदा ओहोटी उशिरा आहे.
मी म्हटलं, हो, उशिराच.
जन्म खाऱ्या पाण्यात काढलेली मी
त्या दिवशी मिठाची गुळणी धरून बसले.

दोन हिवाळ्यांनी तिच्या डोक्याचं फडकं माझ्याकडे आलं,
जांभळ्या दोऱ्याची चांदणी शिवलेलं.
एका रेघेत काढतात ती; जिथून निघते तिथेच परत येते,
बुडी मारणारीही तशीच परत यावी म्हणून.

नगरपालिकेची पत्रं चहाच्या डब्याखाली साठत गेली.
दर दोन वर्षांनी डबा कागदभर उंच.
मी रोज न्हाताना चाचपायची, म्हणायची,
बोटं आहेत की माझी.
पण एका शरदात डबा कलंडला, चहा सांडला,
आणि मी चिडून गेले, खरंच, नुसती चिडून.

बस धक्क्यावर उभी होती, बर्फाच्या कारखान्यासमोर.
आत नातीच्या वयाची मुलगी, हात गार, त्याबद्दल माफी मागणारी.
खाली पाटी, वरून पाटी,
मधे माझा स्तन, वाळत घातलेल्या बोंबलागत चपटा.
"श्वास रोखा," ती म्हणाली.
पोरी, कुणाला सांगतेस?
मी डोळे मिटले. पायांखालून धक्का निसटला.
सहा वाव खाली तोमिए होती, कपारीपाशी, पाठमोरी.
"झालं. आजी, झालं! श्वास घ्या!"
सोडला तो शीळ होऊनच निघाला,
आम्हा सगळ्यांचा निघतो तसा.
बाहेर रांगेतल्या बायका हसल्या.

मग फोन आला. मग शहरातलं इस्पितळ,
काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका.
डॉक्टरीण म्हणाली, सात मिलिमीटर,
हा बोटांना लागत नाही अजून. बरं झालं, लहान असताना सापडला.

घरी येऊन मी पितळेची पट्टी काढली.
सात मिलिमीटर म्हणजे तिच्यावरचा कळकाचा एक डाग.
सोडून द्यायच्या मापाचा.
वाढ बाबा, म्हणायच्या मापाचा.
हात सवयीनं थरथरला, तेवढंच.

आता काखेपाशी व्रण आहे. शेकोटीपुढे मी तो झाकत नाही.
ओढून ताणून दाखवतही नाही.
काल युकिनोनं विचारलं, एक्केचाळीसची, आमच्यातली सर्वांत नवी,
माझंही पत्र आलंय, काही होत तर नाहीये मला, जाऊ का?
मी तिच्या हातात रताळं ठेवलं.
म्हटलं, खा आधी. मंगळवारी मी येते बरोबर.
रांग मोठी असते, आणि धक्क्यावर वारा.