नवव्या मैलावर

हमरियाच्या नांगरतळावर आज अकरावा दिवस.
शारजाचे दिवे रात्री दिसतात, दिवसा नुसती वाफ.
मेसच्या भिंतीवर पत्रा ठोकलाय, तीन भाषांत:
प्लास्टिक कुठेच नाही, कधीच नाही.
खरकटं बारा मैलांपलीकडे, तेही दळून,
पंचवीस मिलिमीटरच्या जाळीतून पडेल इतकं.
मराठी त्यात नाही, म्हणून मुनाफ फणसोपकरला
मी वाचून दाखवतो. तो म्हणतो, कळलं रे,
काही टाकायचं नाही, एवढंच ना?

कचऱ्याची वही माझ्याकडे.
तारीख, वेळ, अक्षांश, किती घनमीटर, सही.
तेलकट चिंध्या, दोरीचे तुकडे, चेपलेल्या बाटल्या.
गलबतावर होतो तेव्हा वही नव्हती.
पोतं भरलं की नाखवा म्हणायचा, दे दर्याला,
आणि मी द्यायचो. सात वर्षं देत होतो.
बेरीज कुणी मागितली नाही.

आज नारळी पौर्णिमा.
नारळ दुकानातला, श्रीलंकेचा, शेंडी राखून सोललेला,
वरून प्लास्टिकचा कागद. तो आधी पोत्यात गेला.
मग चीफला विचारलं. ओलेक्सी भला माणूस,
चष्मा काढून विचार केला त्याने.
अन्न आहे? आहे.
दळलेलं? नाही.
आपण कितव्या मैलावर? नवव्या.
त्याने खांदे उडवले,
जणू त्याचीच पूजा अडली होती.

तोड मुनाफनेच काढली.
नारळाला गळाची दोरी बांधली, आज्याने शिकवलेली गाठ,
आणि मागच्या डेकवरून सोडला खाली.
टेकू दे फक्त, म्हणाला. सोडायचा नाही.
पाणी बंबातल्यासारखं कढत.
नारळ बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला.
मी हात जोडले. काय बोलायचं ते आठवेना,
हर्ण्याला सगळे मिळून बोलतात, तिथे चालून जातं.

वर ओढला तर शेंडीला
निळी पट्टी गुंडाळलेली, खोकी बांधतात तसली,
शेवाळ धरलेली, जुनी.
कुणाची कोण जाणे.
माझीही असेल.

फोडला. पाणी घोटघोटभर,
खोबरं सगळ्यांना, ओलेक्सीला दोन तुकडे.
करवंट्या पोत्यात, बंदरात उतरवायला.

रात्री वही उघडली.
टाकलं, याला रकाना आहे. जाळलं, याला आहे.
बंदरात दिलं, यालाही.
दर्याने दिलं, याला नाही.
पट्टी बोटाला गुंडाळत बसलो,
पेनाचं टोपण उघडंच.
चहा निवतोय, मुनाफ दारातून म्हणाला.